राहिलेल्यांची यादी

सकाळचे साडेआठ. आरोग्य केंद्राच्या कोल्डचेनच्या खोलीत सिस्टर आईस पॅक कानाशी धरून हलवताहेत. पहिला मुका. आतलं पाणी अजून कडक गोठलेलं आहे. तो बाजूला ठेवून त्या दुसरा उचलतात. त्याच्या अंगाला घाम फुटलाय, आत किंचित खळखळतंय. हा चालेल. असे चार पॅक लशींच्या कॅरिअरच्या चारी बाजूंना बसतात आणि मधल्या जागेत व्हायलींची पिशवी. घाईने कडक पॅक टाकला तर पेंटाची लस त्याला टेकून गोठते, आणि गोठलेली पेंटा वाया गेली. उष्णतेने लस बिघडते हे बहुतेकांना ठाऊक असतं. थंडीनेही बिघडते, हे या खोलीत उभं राहिल्यावर कळतं.

आयएलआरचं, म्हणजे लशींच्या फ्रिजचं, झाकण वरून उघडतं, म्हणजे थंड हवा तळाला राहते. शेजारी भिंतीवर तापमानाचा तक्ता. रोज दोन नोंदी, दोन सह्या. रविवारच्या चौकटीही भरलेल्या आहेत. २ ते ८ अंशांच्या मधे राहायचं. आजचा सकाळचा आकडा ४.६. वीज पहाटे तासभर गेली होती, तेही शिपायाने पेन्सिलने लिहून ठेवलंय.

बाहेर जूनचा पहिला आठवडा आहे. पाऊस घाटापलीकडे अडलाय. हवा जागची हलत नाही.

व्हरांड्यात केसपेपरची रांग लागलीय. काही माणसं रांगेत, काही जांभळाच्या झाडाखाली, आणि रांगेत त्यांच्या चपला. पंखा फिरतोय, पण वारा लागतो तो बरोबर खाली बसलेल्या दोघांनाच. फिनेलचा वास, घामाचा वास, कुणाच्या तरी पिशवीतल्या मेथीचा वास. पवन मावळातून आलेल्या एक आजी बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं रुमालात बांधून घेऊन आल्यात. त्यांना पुऱ्या महिन्याच्या गोळ्या हव्यात. "एकदा वड्याला पानी आलं की मग कोन येतंय इथवर," त्या मला सांगतात.

आत डॉक्टर मॅडमच्या टेबलाजवळ दहा-बारा वर्षांचा एक मुलगा न सांगता दोन्ही बाह्या वर करतो. कुत्रा चावल्याचा आज सातवा दिवस. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दोन्ही दंडांत कातडीतल्या कातडीत थेंबभर लस. मॅडम आईला विचारतात, चावला तेव्हा काय केलं? "हळद दाबली." मॅडम रागावत नाहीत. शांतपणे सांगतात, पुन्हा असं झालं तर आधी साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग दवाखाना. आई मान हलवते. मागचा माणूस पुढे सरकतो. तो टीबीच्या गोळ्या न्यायला आलाय. चौथा महिना आहे, वजन वाढलंय, खोकला थांबलाय, आणि नेमकी हीच वेळ गोळ्या सोडून देण्याची असते. मॅडम त्याला दोन गोष्टी विचारतात: पोटात मळमळतं का, आणि पोषणाचे महिन्याचे हजार रुपये खात्यात जमा झाले का. नोव्हेंबर २०२४पर्यंत ते पाचशे होते. पैसे आलेत म्हणतो. अजून दोन महिने, मॅडम बोटं दाखवतात.

औषधांच्या खोलीत फार्मासिस्ट सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या बाटल्या मोजतोय. मोजून झाल्या की एक्स्पायरीची तारीख बघतोय. जुलैत भातलावणी सुरू होईल. इंद्रायणी तांदळाची ही खाचरं घोट्याभर पाण्याने भरतील, बायका दिवसभर वाकून उभ्या राहतील, आणि बांधाच्या बिळात घोणस असेल. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांच्या विषावर औषध एकच. पण एका माणसाला पहिल्याच फेरीला दहा बाटल्या लागू शकतात. म्हणून तो आज मोजतोय.

सिस्टर कॅरिअर खांद्याला अडकवतात. आम्ही निघतो.

जुना मुंबई-पुणे रस्ता. ट्रक, कंटेनर, शेअर रिक्षा. डावीकडे शेलारवाडीचा डोंगर उन्हात पांढुरका दिसतोय. लोणावळ्याहून आलेली लोकल देहूरोडकडे जाते, दारात माणसं लटकलेली. इथल्या भूगोलाची एक गंमत नकाशावर कळत नाही, पायी चालल्यावर कळते. लष्करी डेपोची लांबच लांब भिंत आणि तिच्याभोवतीची छावणीची वस्ती, ही एक हद्द. पूर्वेला महापालिकेची. इंद्रायणीकाठी देहूची नगरपंचायत. मधल्या आणि पलीकडच्या ग्रामपंचायती या केंद्राच्या. रस्ता एकच, पण दर दोन-चार किलोमीटरला आरोग्याचा कारभार पाहणारं कार्यालय बदलतं. पाटी कुठेच नाही. सिस्टरना मात्र कुठल्या नाल्यापाशी आपलं गाव संपतं ते ठाऊक आहे.

केंद्राच्या दारात लोकसंख्येचा फलक आहे. नियम असा: सपाटीवर ३० हजार माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी भागात २० हजारांमागे. उपकेंद्र पाच हजारांमागे, डोंगरात तीन हजारांमागे. हजार माणसांमागे एक आशा कार्यकर्ती. फलकावरचे आकडे जनगणनेचे, २०११चे. तेव्हा इथे भाताची खाचरं होती. आता तिथे बारा-बारा मजली इमारती आहेत, आणि त्या बांधणाऱ्यांचे पत्रे आहेत.

अंगणवाडीच्या भिंतीवर क कमळाचा. दारात आशाताई उभ्या आहेत, हातात ड्यू लिस्ट, आज लस द्यायच्या मुलांची यादी. तेरा नावं. त्यांनी काल संध्याकाळी घरोघरी सांगितलंय, आज सकाळी पुन्हा फोन केलेत. आत सतरंजीवर सात आया बसल्यात. वजनकाट्याच्या झोळीत एक बाळ लोंबकळतंय आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं रडतंय. मदतनीस खिडकी उघडते, तर गरम झळ येते. ती पुन्हा लोटते.

सिस्टर टेबलावर मांडामांड करतात. सुया, कापूस, हब कटर, लाल पिशवी. व्हायल बाहेर काढली की पहिलं काम तिच्यावरचा ठिपका पाहण्याचं. गोल, आणि गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली. त्या खिडकीच्या उजेडात व्हायल धरतात, मग मलाही दाखवतात. फिका आहे.

पहिलं बाळ दीड महिन्याचं. तोंडात पोलिओचे दोन थेंब, मग रोटाचा डोस. उजव्या दंडात पोलिओचं बारीक इंजेक्शन. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची लस. आई डोळे मिटून घेते. आजी मिटत नाही. ती प्रत्येक सुई मोजते. तीन. "एकाच दिशी तीन?" सिस्टर हात न थांबवता बोलतात. कुठली लस कशावर, ते. आज रात्री ताप येईल, घाबरायचं नाही, औषधाचे थेंब आशाताई देतील. सुईच्या जागी तेल नाही, हळद नाही, चोळायचं नाही. पुढची तारीख ही. आणि कार्ड सांभाळायचं. हेच त्या दुसऱ्या आईला सांगतात, तिसरीला सांगतात. तेच शब्द, आणि प्रत्येक वेळी समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघून. मला या सगळ्या दिवसातलं हे सर्वांत अवघड काम वाटतं.

लस झाली की अर्धा तास बसायचं. कुणाला रिअ‍ॅक्शन आली तर समोर असावी म्हणून. आया भिंतीला टेकून बाळांना पाजतात. गप्पा सुरू होतात. कुणाचं टँकरचं बिल, कुणाच्या नणंदेचं लग्न. पदराने वारा घालणं चालूच.

नऊ महिन्यांची दोन मुलं यादीत आहेत. एक आलंय. गोवर-रुबेलाची व्हायल फोडायची म्हणजे पाच डोस तयार होतात, आणि एकदा पाणी घातलं की चार तासांत संपवायचे किंवा फेकायचे. मी विचारते, दुसरं येईपर्यंत थांबणार का? सिस्टर मान हलवतात. एकासाठीही फोडायची, असाच नियम आहे. त्या व्हायलीच्या चिठ्ठीवर पेनाने वेळ लिहितात: १०.५०. म्हणजे दहा मिनिटं कमी तीनपर्यंत.

२०२२च्या शेवटी मुंबईच्या गोवंडीत गोवर पसरला आणि लहान मुलं दगावली. लस न घेतलेल्या दहा मुलांच्या जवळ गोवराचा एक रुग्ण आला तर त्यांतल्या नऊ जणांना तो होऊ शकतो. त्यामुळे यादीतलं दुसरं नाव कुठेय, हा प्रश्न आता खोलीत सगळ्यांचा झालाय.

"ती पत्र्यांतली आहे," आशाताई सांगतात. "कामावर गेली आसंल."

दुपारपर्यंत वेळ आहे. आशाताईंच्या मागून मी गावात निघते.

जुनी आळी. सिमेंटचा रस्ता इतका तापलाय की कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेने चालताहेत. आशाताई चालता चालता प्रत्येक दारातल्या पिंपात डोकावतात. झाकण उचलतात, मोबाइलचा उजेड टाकतात. एका पिंपात अळ्या वळवळताहेत. घरमालकीण म्हणते, पाणी चार दिवसांनी येतं, ओतू कसं? आशाताई तिच्याशी वाद घालत नाहीत. दोघी मिळून पाणी फडक्याने गाळून बादल्यांत घेतात, उरलेलं जमिनीवर ओततात, मग पिंपाची आतली बाजू घासायला लावतात. नुसतं ओतून भागत नाही, एडिस डासाची अंडी कडेला चिकटून महिनोन् महिने कोरड्यातही टिकू शकतात. पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास. मागच्या अंगणात तुटकी कुंडी, टायर, कोंबड्यांचं भांडं. सगळं पालथं होतं. वहीत नोंद: घरं तपासली किती, भांडी किती, दूषित किती.

ताप कुणाला आहे का, हे त्या प्रत्येक घरात विचारतात. उत्तर बहुतेक "नाही" असतं. तरी विचारतात. २०२१च्या जुलैत याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला. गावात ताप वाढलाय हे आधी कुणीतरी असंच लिहून ठेवलं होतं, म्हणून रक्ताचे नमुने पुण्याला गेले. दहा घरांतल्या दहा "नाही"नंतर अकराव्या घरात तोच प्रश्न त्याच आवाजात विचारायचा, याचं मानधन फार थोडं आहे.

गावाच्या शेवटच्या नळापाशी आरोग्यसेवक भेटतात. पाण्याच्या टाकीखाली क्लोरीन भरपूर सापडतं, पण पाणी पुढे जातं तसं ते वाटेत संपतं, म्हणून तपासायचं शेवटच्या घरी. ते काचेच्या नळीत पाणी घेतात, क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकतात, हलवतात. पाणी पिवळं व्हायला हवं. आम्ही तिघं नळी आभाळासमोर धरून बघतो. अगदी फिकट, जेमतेम पिवळं. रंगाच्या पट्टीशी लावून ते वाचतात. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवं, आणि हे काठावर आहे.

पंचायतीचा पाणीवाला मुलगा टाकीकडून येतो. आरोग्यसेवक म्हणतात, टीसीएल पावडरचं पोतं बघू या. पोतं टाकीच्या खोलीत, तोंड उघडं, खाली ओल. आरोग्यसेवक खाली वाकून मूठभर पावडर हातात घेतात. गोळे झालेत. उघड्या, ओलसर पोत्यातलं क्लोरीन उडून जातं. मग मुलगा मापाने पावडर टाकतो आणि तरी नळाला काही उतरत नाही. "तू टाकतोस रे बरोबर," ते त्याला म्हणतात, "पण पोतं मेलंय." नवं पोतं मागवायचं, लाकडी फळीवर ठेवायचं, तोंड बांधायचं. तो मोबाइलमध्ये लिहून घेतो. एप्रिलच्या तपासणीत या गावाला हिरवं कार्ड मिळालंय. ऑक्टोबरात पुन्हा तपासणी. पिवळं कार्ड म्हणजे इशारा, लाल म्हणजे पाण्याला धोका.

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची, म्हणजे गियां-बारे सिंड्रोमची, साथ आली, चालती माणसं व्हेंटिलेटरवर गेली आणि संशय पाण्यावर गेला. तेव्हापासून नळाखाली नळी धरलेली दिसली की लोक थांबून विचारतात. आधी विचारत नव्हते. आजही एक आजोबा सायकल लावून थांबलेत. त्यांना पालखीची काळजी आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूतून निघेल, त्याच्या दोन-चार दिवस आधीपासून दिंड्या या सगळ्या गावांत उतरतील, मिळेल त्या विहिरीचं पाणी पितील. आरोग्यसेवक त्यांना वहीतली विहिरींची यादी दाखवतात. कुठली कधी शुद्ध करायची, टँकर कुठे भरायचे, पाण्यात औषध टाकल्यावर अर्धा तास कुणाला पिऊ द्यायचं नाही. आजोबा यादी शेवटपर्यंत वाचतात आणि एक विहीर राहिल्याचं सांगतात. मळ्यातली. ती वहीत चढते.

दीड वाजलाय. अंगणवाडीतलं सत्र आवरलंय. तेरातली नऊ झाली. एक मामाच्या गावी गेलंय, एकाला ताप आहे. राहिलेली दोन पत्र्यांत. त्यांपैकी एक गोवर-रुबेलाचं. व्हायलीवरची वेळ सगळ्यांच्या लक्षात आहे. सिस्टर जेवणाचा डबा न उघडता तशाच रिक्षात बसतात.

इमारतीचा सांगाडा हिरव्या जाळीत गुंडाळलाय. मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग. पत्रा इतका तापलाय की दाराला हात लावता येत नाही. एका खोलीत साडीचा पाळणा, पाळण्याखाली ओलं फडकं. बाया आठव्या मजल्यावर विटा चढवताहेत. मुकादम आधी नाही म्हणतो, जेवणाची सुट्टी झालीय म्हणतो. आशाताई त्याला नावाने हाक मारतात, त्याच्या बायकोच्या बाळंतपणाची आठवण देतात. तो शिट्टी वाजवतो.

दोन बाया खाली येतात. केसांवर सिमेंट. एक विदर्भातली, एक छत्तीसगडची. साइट नाल्याच्या पलीकडे आहे, म्हणजे सिस्टरच्या हद्दीबाहेर. आशाताईंनी ही नावं तरी लिस्टमध्ये घेतली होती, कारण पलीकडचं कुणी इथे येताना त्यांना दिसलं नव्हतं. मी विचारते, हे चालतं का? सिस्टर कॅरिअर खाली ठेवतात. "मूल समोर आहे, लस डब्यात आहे," त्या म्हणतात, आणि हात धुवायला पाणी मागतात.

विदर्भातल्या बाईकडे कार्ड आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पैशांसोबत. नऊ महिन्यांच्या तिच्या मुलीला उजव्या दंडात सुई, तोंडात जीवनसत्त्व अ. दोन वाजून दहा मिनिटं.

दुसरीचं कार्ड गावी राहिलंय. बाळ चार महिन्यांचं. सिस्टर त्याची डावी बाही वर करतात. दंडावर बीसीजीचा छोटा व्रण आहे. म्हणजे जन्मानंतरचं झालंय. "इसके बाद सुई लगी?" "एक बार." "जांघ में?" बाई आठवते, दोन्ही मांड्यांना हात लावून दाखवते. म्हणजे पहिला डोस झालाय, दुसरा राहिलाय. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलं तिथून पुढे जायचं. नवं कार्ड लिहिलं जातं. बाळ रडतं, पाळण्यातलं दुसरं कुणाचं तरी त्याला साथ देतं. आशाताई अर्धा तास थांबतात, कारण आई थांबणार नाही. तिला आठव्या मजल्यावर जायचंय. बाळ तेवढा वेळ आशाताईंच्या मांडीवर आहे. दोघांनाही घामोळं आलंय.

संध्याकाळी केंद्रात रांग नाही. व्हरांडा धुतलाय. गोवर-रुबेलाची व्हायल मुदत संपल्याने बाजूला गेली, तीन डोस उरलेले असताना. पेंटाची उघडलेली व्हायल तारीख लिहून आयएलआरमध्ये परत, ती २८ दिवस चालते. सिरिंजची लाल पिशवी बांधली. संगणकावर नावं चढताहेत. नेट मधेमधे जातंय. सिस्टर एकेक नाव वाचतात, डाटा एंट्रीवाली मुलगी टंकते, आणि पहिल्या कॉलममध्ये राहिलेल्यांची नवी यादी तयार होते: मामाच्या गावचं एक, तापाचं एक.

मग त्या फोन लावतात. मुकादमाने सांगितलंय, काम संपलं की टोळी हिंजवडीकडे जाणार. छत्तीसगडच्या बाईच्या बाळाचा चार आठवड्यांनी तिसरा डोस आहे. तेव्हा ते बाळ इथे नसेल. फोन तिकडच्या हद्दीतल्या एका सिस्टरना लागतो. ओळख जुनी आहे, ट्रेनिंगची.

"अगं, एक बाळ पाठवतेय तुझ्याकडे. पेंटा थ्री राहील. लिहून घे."

पलीकडून काहीतरी विचारलं जातं.

"साइटचं नाव नाही माहीत. आईचा नंबर देते. लागला नाही तर मुकादमाचा. दोन्ही घे."

त्या नंबर सांगतात, एकेक आकडा, सावकाश. पलीकडून पुन्हा म्हणून दाखवला जातो. एक आकडा चुकतो. त्या पहिल्यापासून सांगतात.